यादी एकाची, खिसा दुसऱ्याचा

लग्न ठरले की पहिली वही उघडते ती याद्यांच्या बैठकीत. पोह्यांच्या बशा उचलल्या जातात, दोन्हीकडची वडीलधारी मंडळी समोरासमोर बसतात आणि ज्याचे अक्षर बरे असा एखादा मामा किंवा आत्याचे यजमान कागदावर मधोमध रेघ मारतात. एका बाजूला वधूपक्ष, दुसऱ्या बाजूला वरपक्ष. कार्यालय, आचारी, बस्ता, मानपानाच्या साड्या, भटजी, वाजंत्री, वऱ्हाडाच्या गाड्या, नवरदेवाची अंगठी, सगळे त्या दोन रकान्यांत जाऊन बसते. लग्नाचे अंदाजपत्रक म्हणून आपल्याकडे जे काही असते ते हेच. गंमत अशी की अंदाजपत्रकात जे सर्वांत आधी असायला हवे, तेच यात नसते. कोणी काय करायचे हे ठरते, कितीत करायचे हे ठरत नाही. आणि किती माणसे, हा प्रश्न तर ‘आमची पाचशे धरा’ एवढ्या एका वाक्यात मिटतो. मिटवणारा बहुधा मुलाकडचा असतो आणि मान डोलावणारा मुलीकडचा. या लेखाचे म्हणणे त्या रेघेपुरतेच आहे. लग्नाचा खर्च हाताबाहेर जातो तो हौसेने किंवा अडाणीपणाने फारसा जात नाही. खर्च ठरवणारा एक आणि भरणारा दुसरा, म्हणून तो जातो.

कमी खर्चात लग्न कसे करावे याचे सल्ले आज ढिगाने मिळतात. छापील पत्रिकेऐवजी व्हॉट्सॲपवर निमंत्रण द्या, परदेशी फुलांऐवजी झेंडू लावा, शालू भाड्याने आणा, शनिवार-रविवार सोडून मधला वार धरा. यातला एकही सल्ला चुकीचा नाही, पण जरा गणित मांडून पाहावे. समजा, जेवणाचे ताट ४५० रुपयांना पडते आणि माणसे ८०० आहेत. नुसत्या जेवणाचे ३ लाख ६० हजार झाले. चारशे पत्रिका २५ रुपयांप्रमाणे छापल्या तर १० हजार. म्हणजे पत्रिकांवर पूर्ण फुली मारून जेवढे वाचते, तेवढे तेवीस माणसे कमी केली तरी वाचते. कार्यालय केवढे घ्यायचे, वाढपी किती लागतील, गाड्या कुठे लावायच्या, निवासाच्या खोल्या किती, हे सगळे त्या एका आकड्याच्या मागून चालत येते. बजेटची किल्ली पाहुण्यांच्या संख्येत आहे आणि तिला हात लावण्याचा अधिकार मुलीच्या बापाला बैठकीत नसतो. मग तो बिचारा झेंडूवर काटकसर करत बसतो.

साध्या लग्नाचा उपदेश महाराष्ट्राला नवा नाही. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुरोहिताशिवाय, अगदी थोडक्या खर्चात पहिले सत्यशोधक लग्न लागले. पुढे जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला असे लग्न झाले तेव्हा गावच्या जोशांनी आपली दक्षिणा बुडाली म्हणून थेट दावा ठोकला. या खटल्याकडे आपण धर्मसुधारणेच्या इतिहासातली घटना म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण खर्चाच्या अंगाने पाहिले तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते: लग्नातला प्रत्येक खर्च हा कुणाचा तरी हक्क होऊन बसलेला असतो, आणि तो कमी करायला निघालेल्या माणसाला आपल्याच घरात काटकसर करायचीही मुभा नसते. गाडगेबाबांनी कीर्तनांतून कर्ज काढून सण-समारंभ करण्यावर कोरडे ओढले. लोक रडले, हसले, त्यांच्या मागे ‘गोपाला गोपाला’ म्हणाले आणि घरी जाऊन सोयऱ्यांनी सांगितले तसे लग्न केले. ऐकणारे दांभिक होते असे मला वाटत नाही. निर्णय त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हता, आणि उपदेश मात्र एकेकट्याला केला जात होता.

शेतकरी लग्नकार्यात पैसा उधळतो म्हणून कर्जात बुडतो, हे मतही जुनेच. १८७५ साली सुपे गावापासून पुणे-नगर भागात सावकारांविरुद्धचे दंगे पसरले, कर्जरोखे जाळले गेले. त्यांच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. रयतेच्या कर्जाचे खापर लग्नखर्चावर फोडायला साहेबाला ते सोयीचेच होते. पण त्या आयोगाने नेमके उलट नोंदवले: लग्नकार्याच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे, असे प्रसंग आयुष्यात क्वचित येतात, आणि बऱ्याच वर्षांवर वाटून पाहिले तर त्या माणसाने सुखासमाधानावर तेवढे खर्चणे गैर म्हणता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या सरकारी कागदातला हा समंजसपणा आजच्या पुष्कळ समाजसुधारक भाषणांत सापडत नाही. गरिबाने आनंद करूच नये, असा काटकसरीच्या उपदेशाचा एक क्रूर अर्थ होतो, तो टाळलेलाच बरा. मात्र आयोगाचा हिशेब ‘आपल्या सुखासमाधानावर’ या गृहीतावर उभा होता. २०१७ साली लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या तरुण मुलीने, सलग नापिकी सोसणाऱ्या वडिलांना आपल्या लग्नाचा खर्च झेपणार नाही म्हणून जीव दिला. तिच्या घराला जो आकडा झेपत नव्हता, तो त्या घराने आपल्या सुखासाठी ठरवलेला नव्हता.

मग तो ठरतो कसा? फ्रान्सिस ब्लॉक, विजयेंद्र राव आणि सोनाल्डे देसाई या अभ्यासकांनी कर्नाटकातल्या ग्रामीण कुंभार कुटुंबांच्या लग्नखर्चाचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. त्यांचे निरीक्षण असे की मुलगी गावाबाहेरच्या मोठ्या घरात पडते तेव्हा लग्नाचा थाट वाढतो. गावातलाच जावई असला तर त्याची ऐपत सगळ्यांना ठाऊक असते, दाखवायचे काही उरत नाही. अनोळखी घराशी सोयरीक झाली की ‘आम्ही आता कुठे पोहोचलो’ हे गावाला कळवण्याचे साधन म्हणजे मांडव. हे निरीक्षण आपल्याकडच्या शहरांना तर फारच लागू पडते. वाड्यात, आळीत, गावात लग्न व्हायचे तेव्हा कोण किती पाण्यात आहे ते सर्वांना माहीत असे. आता संगमनेरची मुलगी, नाशिकचा मुलगा, दोघे नोकरीला हिंजवडीत, आणि दोन्ही कुटुंबांची पहिली भेट विवाहमंडळाच्या माहितीपत्रकावरून. ओळख जितकी कमी, तितका देखावा बोलका करावा लागतो. ड्रोन, प्री-वेडिंग, संगीत, कार्यालयाच्या दाराशी लावलेले जोडप्याचे फ्लेक्स, हे हिंदी सिनेमातून आले हे खरे, पण ते इथे रुजले ते दोन अनोळखी घरांमधली पोकळी भरून काढण्यासाठी.

संदेश पाठवणे दोघांच्याही हिताचे असेल, तर टपालखर्च एकानेच का भरावा? इथे हुंड्याचा विषय येतो. हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे. त्यामुळे सुशिक्षित घरांतून त्याचे नाव निघत नाही. निघते ते एक अतिशय सोज्वळ वाक्य: ‘आम्हाला काही नको, फक्त लग्न तेवढं चांगलं करून द्या.’ हे ‘फक्त’ काही लाखांचे असते. कायद्याच्या व्याख्येत मालमत्ता आणि मौल्यवान रोखे येतात. जेवून उठलेल्या पंगतीचा आणि विझलेल्या रोषणाईचा पुरावा कोण मांडणार? रोख रक्कम मागणाऱ्याला निदान मनातून तरी चोरटे वाटते. लग्न थाटात मागणाऱ्याला उलट आपण हुंडा न घेणारे पुरोगामी आहोत असे वाटते. आणि रोख हुंड्याला काहीतरी मर्यादा तरी असते, कारण तो एकदा मोजून दिला की संपतो. ‘चांगलं लग्न’ याला माप नसल्यामुळे त्यात वाढ करायला लग्नाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत वाव राहतो. सीमांतपूजनाच्या वेळी अचानक वाढलेली पन्नास माणसे कुठल्याही यादीत नसतात.

खर्चाचा हा डोलारा परस्परांच्या धाकावर उभा आहे याचा पुरावा नकळत सरकारनेच आपल्याला दिला. एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्र शासनाने लग्नांना जास्तीत जास्त २५ माणसे आणि २ तास अशी मर्यादा घातली. मोडली तर ५० हजार रुपये दंड. एरवी पाचशे माणसे म्हणजे अगदी जवळचीच असे म्हणणाऱ्या घरांनी पंचवीसांची यादी केली. काका आला, काकू घरी राहिली. कुणाची इज्जत गेली नाही, कारण बोट दाखवायला जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश होता. त्या लग्नांतली जोडपी आज इतरांइतकीच सुखात किंवा दुःखात आहेत. साथ ओसरली आणि खर्च पुन्हा पूर्वपदावर आला. यावरून लोकांना धडा घेता आला नाही असे हळहळून म्हणण्यात अर्थ नाही. लोकांनी फार नेमका धडा घेतला होता: दोन्ही पक्षांना एकाच वेळी, बाहेरून, नाव न घेता कुणी थांबवले तर थांबता येते, एकट्याने थांबले तर कंजूष ठरतो.

यावरून कुणी म्हणेल, मग कायमचाच कायदा करा. तसे प्रयत्न झालेही. जम्मू-काश्मीरने २०१७ साली मुलीच्या लग्नाला ५०० आणि मुलाच्या लग्नाला ४०० पाहुणे अशी मर्यादा जाहीर केली होती, पदार्थांचीही संख्या ठरवून दिली होती. लोकसभेत २०१६ च्या एका खासगी विधेयकात ५ लाखांवर खर्च करणाऱ्याने १० टक्के रक्कम गरीब मुलींच्या लग्नासाठी द्यावी असे सुचवले होते. मला हा मार्ग पटत नाही. साथीच्या काळात पोलीस दारात उभा राहिला तर लोक समजून घेतात. एरवी जिलब्या मोजणारा सरकारी माणूस म्हणजे आणखी एका मानपानाची सोय. शिवाय असा कायदा किती खर्च झाला ते पाहतो, कुणी कुणाच्या सांगण्यावरून केला हे त्याला दिसतच नाही. त्यापेक्षा समाजाच्या बैठकांनी केलेले नियम बरे. २०२५ च्या उन्हाळ्यात पुण्यातल्या एका विवाहितेच्या मृत्यूनंतर, सासरच्या छळाचे आणि लग्नातल्या बडेजावाचे आरोप गाजत असताना, मराठा समाजाच्या काही बैठकांतून लग्नाची आचारसंहिता मांडली गेली: पाहुणे शंभर-दोनशे, प्री-वेडिंग नको, डीजे नको. असे नियम सक्तीचे नसतात आणि ते करणाऱ्यांच्या घरची मागची लग्ने लोकांच्या लक्षात असतात, हे खरेच. तरी बोट दाखवायला कुणीतरी मिळते, हा त्यांचा मोठा उपयोग.

आता दुसऱ्या बाजूचे ऐकू. आयुष्यात एकदाच येणारा प्रसंग, त्यात हिशेब कसला? या आक्षेपात आनंद आणि खर्च एकच धरले आहेत. हिंदू विवाह कायद्याच्या ७ व्या कलमाला रूढीप्रमाणे विधी लागतात, आणि सप्तपदी असेल तिथे सातवे पाऊल पडले की लग्न पूर्ण होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली बजावले की विधी न करता नुसते प्रमाणपत्र मिळवले तर ते हिंदू लग्न ठरत नाही, आणि त्याच निकालात लग्न म्हणजे नाचगाणी आणि खाणेपिणे नव्हे असेही सुनावले. म्हणजे विधी टाळून पैसे वाचवण्याची मुभा नाही, पण विधीला पैसे लागतात कुठे? अंतरपाट, अक्षता, होम, दोन हार. ज्यांना विधीच नको, त्यांना १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि अगदी किरकोळ फी. उरलेला सगळा खर्च पाहणाऱ्यांसाठी असतो. तो करू नये असे मी म्हणत नाही. पाहणारे कुणाचे, एवढेच विचारतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. आचारी, मांडववाले, बँडवाले, फुलवाले, बांगड्यावाल्या, फोटोग्राफर, यांचे वर्षभराचे पोट तीन-चार महिन्यांच्या हंगामावर चालते. लग्ने साधी झाली तर त्यांनी काय खायचे? पण या व्यवसायांची खरी अडचण वेगळी आहे. चातुर्मासात मुहूर्त नाहीत म्हणून कार्यालये ओस, आणि वैशाखात एकाच दिवशी गावातल्या सगळ्यांना एकच आचारी हवा. पंचांगकर्ते काढीव मुहूर्त देतात, गोरज मुहूर्तही असतात, पण त्यांना हलके मानण्याची रीत आहे. कामे वर्षभर पसरली तर त्याच पैशात अधिक हातांना नियमित काम मिळेल आणि लग्नघरालाही कार्यालय स्वस्त पडेल. आणि शेवटी, बँडवाल्याचा रोजगार टिकावा म्हणून एखाद्या कारकुनाने १० लाखांचे कर्ज काढावे असे म्हणता येत नाही. ते १२ टक्क्यांनी पाच वर्षे फेडले तर महिना २२ हजारांवर हप्ता आणि सव्वातीन लाखांहून जास्त व्याज. ते व्याज बँडवाल्याला मिळत नाही.

आपण लोकांकडे जेवलो, आता त्यांना बोलवायला नको का, हा तिसरा आक्षेप. परतफेडीची ही रीत एके काळी अर्थपूर्ण होती. आहेर ही गावाची भिशीच होती; भांडी, धान्य, राबणारे हात येत, आणि आज माझ्याकडे तर उद्या तुझ्याकडे असे फिरत. आता पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापतात, राबायला केटरर असतो आणि भिशीतले देणे गेले तरी जेवणावळ तेवढी राहिली.

पण माझ्या मते सर्वांत खोल आक्षेप चौथा आहे, आणि तो बोलून दाखवला जात नाही. मुलीला आपण दुसरे देणार काय? जमीन मुलांची, घर मुलांचे. तिच्या वाट्याला येतो तो तिच्या लग्नात होणारा खर्च. बाप थाटमाट करतो त्यात हतबलता असते तशी माया असते, आणि थोडी टोचणीही. याच समजुतीचे दुसरे टोक दहा-पंधरा वर्षांनी दुय्यम निबंधक कार्यालयात दिसते. बहिणीला बोलावून हक्कसोड पत्रावर सही घेतात आणि सांगतात, ‘तुझं लग्नात झालंच की सगळं.’ महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, केंद्राने २००५ मध्ये तोच देशभर नेला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडील हयात असण्याची अटही काढून टाकली. इतके होऊनही लग्नखर्च हा तिच्या वाट्यातून वळता झालेला हिशेब मानला जातो. आता या वाट्यात तिच्या हाती राहिले काय ते पाहावे. कार्यालयाचे भाडे, आठशे ताटे, वरातीचे डिझेल, सासूच्या बहिणींच्या साड्या. तिच्या नावावर उरते ते थोडे सोने, आणि तेही घडणावळ वजा जाता, पुष्कळदा सासूच्या कपाटात. २०२० च्या सुरुवातीला तोळा चाळीस हजारांच्या घरात होता, २०२५ मध्ये त्याने लाख ओलांडला. निदान सोन्यावर गेलेले पैसे वाढले तरी. जेवणावळीवर गेलेले तिचे कधीच नव्हते. तिचा वाटा म्हणून खर्च करायचाच असेल, तर तो तिच्या खात्यावर किंवा सातबारावर दिसला पाहिजे. पंगतीत वाढलेला वाटा तिचा म्हणून दाखवणे ही फसवणूक आहे, आणि ती करणारा बाप बहुधा स्वतःलाच आधी फसवत असतो.

म्हणून याद्यांच्या बैठकीत रेघ मारायची ती वेगळ्या ठिकाणी. कार्यालय मुलीकडे, वाजंत्री मुलाकडे, अशी कामांची वाटणी सोडून ज्याचे पाहुणे त्याचा खर्च अशी माणसांची वाटणी करावी. ४५० च्याच ताटाने हिशेब धरला आणि आठशेंपैकी साडेपाचशे मुलाकडची असली, तर त्यांच्या वाट्याला जवळजवळ अडीच लाख येतात आणि मुलीकडच्यांच्या वाट्याला सव्वा लाखाच्या आत. ही वाटणी ‘खर्च निम्मा-निम्मा’ पेक्षा न्याय्य आहे, कारण निम्म्यातही दुसऱ्याच्या यादीचे पैसे भरावेच लागतात. शिवाय तिचा गुण असा की उपदेश न करता ती यादी आपोआप छाटते. दुसऱ्याच्या खर्चाने बोलावलेला दूरचा मामेभाऊ अगदी जवळचा असतो. स्वतःच्या खर्चाने तो पुन्हा दूरचा होतो. काही भागांत ‘यादी पे शादी’ ची रीत आहे, म्हणजे याद्यांच्या दिवशीच जमलेल्या माणसांत लग्न लावून टाकायचे. साखरपुड्यातच लग्न उरकल्याच्या बातम्याही अधूनमधून येतात. तिथे नेमके हेच घडते. वाढायला वेळच मिळत नाही. सरकारची शुभमंगल योजना सामूहिक किंवा नोंदणी विवाह करणाऱ्या गरजू मुलींना मदत देते, आधी ती १० हजार होती, अलीकडे २५ हजार झाली. ती उपयोगी आहे, पण सामूहिक लग्नावर गरिबाचे लग्न असा शिक्का बसला आहे, आणि मध्यमवर्ग तिथे भाषण करायला जातो, लग्न करायला जात नाही.

उरली ती बापाची खरी भीती: असे बोललो तर स्थळ हातचे जाईल. काही स्थळे जातील, हे कबूल केले पाहिजे. पण खर्च कुणी करायचा हे धर्माने किंवा रूढीने कायमचे ठरवून दिलेले नाही, तो सौदा आहे, हे आता शेतकरी मुलांच्या लग्नांकडे पाहून कळते. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्न न जमणारी तरुण मुले बाशिंगे बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा घेऊन गेली होती. अशा मुलांच्या घरचे आता ‘दोन्हीकडचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त मुलगी द्या’ असे सांगू लागले आहेत. वधूपक्षानेच करायचे ही म्हणे अनादि रीत, ती दहा-वीस वर्षांत फिरली. मात्र तिथेही कागद घेऊन बसतात ती दोन्हीकडची वडीलधारी मंडळीच, आणि जिचे लग्न आहे ती पोह्यांच्या बशा घेऊन आत-बाहेर करत असते.